सोलापूरहून पहिल्यांदा क्रूझला निघताना: आम्हा दोघांच्या अनुभवातून

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मुलीने आग्रह धरला की या वेळी तुळजापूर-गाणगापूर करून थांबायचं नाही, आईबाबांनी जहाजातून फिरून यायचं. आमचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा छोटा कारखाना आहे. हे माग बघतात, मी हिशेब. समुद्र आम्ही पाहिला होता तो चौपाटीवरून आणि गणपतीपुळ्याला. जहाजात तीन रात्री राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे सांगणारं आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं. डिसेंबरात मुंबई-गोवा-मुंबई अशी फेरी करून आलो आणि तेव्हापासून नात्यागोत्यातले, शेजारचे तेच तेच प्रश्न विचारत आहेत. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते. परदेशी क्रूझचा अनुभव मला नाही. मुंबईहून सुटणाऱ्या देशातल्या फेरीला सोलापूरहून जोडीने पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे आहे.

१. आधी महिना ठरवा, मग जहाज

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो सगळ्यात शांत. पहिलीच वेळ असेल तर याच चार महिन्यांत जा. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते. ही गड्ड्याची यात्रा सोडून कुठला सोलापूरकर निघणार? आम्ही म्हणूनच डिसेंबरचा पहिला पंधरवडा धरला. नाताळच्या सुट्टीत दर चढतात आणि मुलाबाळांची गर्दी होते, तेव्हा नाताळच्या आधी जाऊन आलात तर बरं.

फेरी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे तिकिटावर दोनदा वाचा. काही फेऱ्या मुंबईहून निघून गोव्यातच संपतात. त्या स्वस्त दिसतात, पण गोव्याहून बेळगाव, विजापूर करत सोलापूर गाठायचं म्हणजे आख्खा दिवस आणि वेगळा खर्च. लक्षद्वीपची फेरी घेतलीत तर तिथे जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो कोण काढणार, त्याचे पैसे तिकिटात धरलेत का, हे आधीच विचारून ठेवा.

२. केबिन निवडताना नकाशा मागा

केबिनचे ढोबळ चार प्रकार: आतली बिनखिडकीची, खिडकीची, बाल्कनीची आणि सुईट, म्हणजे बैठकीसह मोठी खोली. आम्ही खिडकीची घेतली. आतली केबिन बरीच स्वस्त पडते, पण दिवा मालवला की तिथे दुपार आणि मध्यरात्र सारखीच. ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी ती घेऊ नये. केबिनमध्ये फक्त झोपायलाच जाणार असाल तर मात्र पैसे वाचवायला हरकत नाही.

प्रकारापेक्षा महत्त्वाची आहे जागा. जहाजाची पुढची आणि मागची टोकं जास्त वरखाली होतात आणि वरचे मजले जास्त झुलतात. मधोमध आणि खालच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात स्थिर. पाळण्याच्या टोकाला बसलं की पोटात गोळा येतो आणि मध्ये बसलं की येत नाही, तसंच हे. मळमळीची भीती असेल तर महागड्या वरच्या केबिनच्या मागे लागू नका.

दुसरी गोष्ट, तुमच्या डोक्यावर काय आहे ते बघा. आमच्या केबिनच्या बरोबर वर पोहण्याच्या तलावाचा मजला होता. पहाटे पाचला तिथल्या खुर्च्या सरकवायला लागायचे आणि आमची झोप उडायची. मजल्यांचा नकाशा आधी पाहिला असता तर ही केबिन मी घेतलीच नसती. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशी जागा मागून घ्या.

बाजूही विचारून घ्या. गोव्याकडे जाताना जहाज दक्षिणेला जातं, तेव्हा उजव्या हाताला मोकळा समुद्र आणि सूर्यास्त, डाव्या हाताला कोकणचा किनारा. परतताना सगळं उलट.

३. पैशाचा हिशेब

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा माणशी असतो, तोही एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरून. त्यावर बंदराचं शुल्क, जीएसटी आणि काही ठिकाणी सेवकांच्या बक्षिसीची ठरावीक रक्कम चढते. शेवटचा आकडा लेखी घेतल्याशिवाय आगाऊ पैसे भरू नका. रद्द केल्यास किती परत मिळतील तेही त्याच वेळी विचारा. तारीख जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढत जाते.

तिकिटात राहणं, ठरलेल्या भोजनगृहातलं जेवण, बरेचसे कार्यक्रम आणि तलाव येतो. मद्य, शीतपेयं, कॅफेतली कॉफी, खास उपाहारगृहं, मालीश, छायाचित्रं, वायफाय आणि गोव्यातली सहल यांचे पैसे बहुतेक वेळा वेगळे. जहाजात रोख चालत नाही. चढताना एक कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. नोट हातातून जात नाही म्हणून खर्च जाणवत नाही. दुसऱ्या संध्याकाळी मी स्वागतकक्षात जाऊन आमच्या खात्याचा कागद मागितला, तर त्यात आम्ही न घेतलेल्या दोन सरबतांचे पैसे लागलेले होते. सांगितल्यावर त्यांनी ते लगेच काढले. शेवटच्या सकाळी तिथे मोठी रांग होती, तेव्हा हे जमलं नसतं. रोज संध्याकाळी एकदा खातं बघाच.

४. कागदपत्रं

हे जवळ ठेवा, मोठ्या बॅगेत नको:
- दोघांचं मूळ आधार कार्ड किंवा पासपोर्ट (मतदार ओळखपत्र बरोबर असू द्या, पॅन कार्डावर भिस्त नको)
- तिकीट आणि वेब चेक-इन केल्यावर मिळणारा बोर्डिंग पास, छापील प्रत
- रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी
- बँकेचं कार्ड आणि गोव्यात लागेल एवढी रोकड

वेब चेक-इन घरूनच करायचं असतं आणि त्याला मुदत असते. बंदरावर जाऊन करू म्हणाल तर खोळंबाल.

सगळ्यात मोठा घोटाळा नावाचा होतो. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. सोलापूरच्या आमच्या पूर्वभागात कितीतरी घरांत एकाच आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं तीन-तीन प्रकारची आहेत, रेशन कार्डावर एक, बँकेत दुसरं. बायकांचं तर माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. माझ्या तिकिटावर मुलीने सवयीने घरातलं नाव घातलं होतं. आठ दिवस आधी लक्षात आलं आणि फोन करून दुरुस्त करून घेतलं. तिकीट हातात आलं की आधार समोर ठेवून त्याच दिवशी ताडून बघा.

परदेशी बंदर असलेली फेरी असेल तर पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने हवी. सोलापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जायची गरज पडत नाही. गरोदर बायकांना ठरावीक आठवड्यांनंतर जहाजावर घेत नाहीत, हेही आधी विचारावं.

५. सोलापूर ते बंदर

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जा. सकाळी सीएसएमटीला उतरता, जहाज संध्याकाळी सुटतं, मधे भरपूर वेळ हातात राहतो. वंदे भारत पहाटे निघून दुपारी साडेबाराच्या सुमारास पोचते. वेळेवर आली तर चालतं, पण घाटात किंवा कुठल्या ब्लॉकमध्ये अडकली तर हाताशी वेळच उरत नाही. जहाज उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. शिवाय वंदे भारत आठवड्यातून एक दिवस बंद असते. परतीला मात्र तीच सोयीची: जहाज सकाळी लागतं, गाडी दुपारी चारनंतर सुटते.

जहाज सुटतं ते बॅलार्ड पिअर सीएसएमटीपासून दीड-दोन किलोमीटर. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बंदर’ सांगू नका, तो गेटवेला किंवा भाऊच्या धक्क्याला नेईल. ‘बॅलार्ड इस्टेट, क्रूझ टर्मिनल’ असं सांगा.

६. सामान

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात, त्यावर केबिनचा नंबर लावतात आणि त्या मागाहून खोलीपर्यंत येतात. मागाहून म्हणजे कधीकधी पाच-सहा तासांनी. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मोठ्या बॅगेत घातल्या होत्या. बॅग आली रात्री नऊला. दुपारची गोळी चुकली, आणि जहाज किनारा सोडत असताना मी समुद्राकडे न बघता यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते. तो अर्धा तास मला पुन्हा मिळणार नाही. औषधं, चष्मा, चार्जर, एक जोड कपडे आणि संध्याकाळी गारव्याला एक शाल हातातल्या पिशवीत ठेवा.

इस्त्री, पाण्याची किटली, सुरी, कात्री, मद्य यांना बंदी असते. आमच्यासारख्या घरांतून हमखास जाणारी गोष्ट म्हणजे पूजेचं साहित्य. काडेपेटी, कापूर, उदबत्ती, निरांजन अजिबात नको. जहाजाला पाण्यापेक्षा आगीचं भय मोठं असतं, कारण आग लागली तर पळायला जागा नाही. मी देवाचा छोटा फोटो नेला आणि रोज नुसता नमस्कार केला.

घरचं खाणंही आत नेऊ देत नाहीत. कडक भाकरी आणि शेंगा चटणी गाडीसाठी घेतली होती, उरलेली चटणी तपासणीत काढून ठेवावी लागली. न्यायची ती गाडीत संपेल इतकीच न्या.

७. चढल्यावर पहिलं काम: सराव

प्रत्येकाला आणीबाणीचा सराव सक्तीचा असतो. भोंगा होतो, सात छोटे आणि एक लांब. मग तुमच्या कार्डावर लिहिलेल्या जागी जमायचं आणि जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते बघायचं. बरेच लोक फोनमध्ये डोकं घालून उभे असतात. कृपा करून तसं करू नका. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर जगाने सागरी सुरक्षेचा करार केला, तो १९१४ मधला. पुढे २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली तेव्हा ३२ माणसं गेली, आणि त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. त्यानंतर नियम बदलला. आता सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावा लागतो.

सराव झाल्यावर आम्ही दोघांनी केबिनपासून त्या जागेपर्यंत जिन्याने दोनदा चालून पाहिलं. आणीबाणीत लिफ्ट वापरत नाहीत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तर हे नक्की करावं.

८. जहाज सुटताना कुठे उभं राहायचं

सगळ्यात वरच्या उघड्या मजल्यावर, आधी उजव्या बाजूला. गेटवे आणि ताज इतके दिवस जमिनीवरून पाहिलेले असतात, ते समुद्रातून मागे सरकताना दिसतात. मग कुलाबा संपतो, टोकाला पाण्यातच उभा असलेला प्राँग्सचा दीपस्तंभ येतो. तो गेला की डाव्या बाजूला या. संधिप्रकाश शिल्लक असेल तर थळसमोरचा खांदेरी दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतला हा एक. पुढे रात्रीतून सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्या समोरून जहाज जातं. जहाज किनाऱ्यापासून लांब असतं, किल्ले दिसत नाहीत, दिसतात ते मच्छीमारांचे दिवे. तरी त्या अंधाराकडे बघत मी बराच वेळ उभी होते. शाळेत आरमार शिकवलं होतं, पण या पाण्यात रात्री शिडाची गलबतं घेऊन जाणं म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्यावर कळलं.

यांचं मन दुसरीकडे रमलं. बंदरातून जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट वर येतो आणि मोकळ्या पाण्यात आल्यावर जहाजाच्या कुशीला लावलेल्या दोराच्या शिडीने चालत्या होडीत उतरून परत जातो. हे ते बघतच राहिले. घरी आल्यावर कुणी विचारलं की पहिल्यांदा तेच सांगतात.

९. मळमळ: भीती किती, तयारी काय

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, ते डोलणं कमी करतात. डिसेंबरात आम्हाला पहिल्या रात्री हलका झोका जाणवला. यांना काहीच झालं नाही, मला रात्री जेवताना डोकं जड वाटलं.

होतं असं की कानातला तोल सांभाळणारा भाग हालचाल होते आहे म्हणतो आणि बंद खोलीत डोळे सगळं स्थिर आहे म्हणतात. या भांडणातून मळमळ येते. म्हणून उपायही तोच: उघड्यावर जा आणि क्षितिजाकडे बघत राहा. केबिनमध्ये आडवं पडून फोन बघणं सगळ्यात वाईट. मी वर जाऊन वीस मिनिटं उभी राहिले आणि उतरले तेव्हा बरी होते.

गोळी घ्यायची तर घरच्या डॉक्टरांना विचारून, आणि त्रास सुरू होण्याआधी. सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी होतो. आणखी कुठल्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नका. बांधलेलं पाकीट चालत असेल तर आलेपाक जवळ ठेवा. पोट अगदी रिकामं नको आणि तडस लागेपर्यंतही नको. त्या भरलेल्या टेबलांपुढे दुसरी अट पाळणं अवघड जातं. पहिल्या दिवशी दहीभात, वरण असं साधं खा. शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, बुकिंग करतानाच सांगून ठेवा.

१०. फोन

किनारा लांब गेला की आपलं नेटवर्क जातं आणि काही वेळा फोन आपोआप जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो. त्याचे दर फार मोठे असतात. सुटल्याबरोबर फोन विमान मोडवर टाका. घरच्यांना आधीच सांगा की अमुक वेळेपर्यंत फोन लागणार नाही. आम्ही मुलीला सांगितलं होतं, सासूबाईंना सांगायला विसरलो. त्यांनी रात्रभर झोप घेतली नाही. ही चूक आमची, आणि ती तुम्ही करू नये म्हणून लिहिते आहे.

११. केबिनमधल्या रोजच्या गोष्टी

संडासाचं पाणी हवेच्या दाबाने ओढलं जातं, आवाज मोठा होतो, घाबरू नका. त्यात कागदाशिवाय काही टाकू नका, एक नळी तुंबली तर आजूबाजूच्या केबिनचीही बंद पडतात.

नळाला येतं ते गोडं पाणी बऱ्याच अंशी समुद्राचंच असतं, जहाजावरच खारटपणा काढून केलेलं. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो आणि बायका पहाटे उठून पिंप भरतात. चहूकडे खारं पाणी असताना ही माणसं रोज एवढ्या लोकांना आंघोळीचं पाणी पुरवतात, हे बघून माझा हात आपोआप नळ बारीक करत होता.

टॉवेलबद्दल लिहिलं नाही तर घरचे मला माफ करणार नाहीत. संध्याकाळी केबिन आवरायला येणारा मुलगा टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवून जायचा. यांनी पहिल्याच दिवशी तो उलगडला, वजन हातात घेतलं, काठ तपासला, टॉवेलवरच्या धाग्यांचे लूप किती उंच आहेत ते बोटाने पाहिलं आणि म्हणाले, सूत चांगलं आहे, धुऊन धुऊन पण बसलेलं नाही. मग त्या मुलाला बसवून घेऊन हत्ती कसा करतात ते शिकून घेतलं. तो मुलगा घरापासून महिनोन्महिने लांब असतो. त्याच्याशी दोन शब्द बोला, नाव विचारा.

१२. गोव्याचा दिवस

जहाज मुरगाव बंदराला लागतं. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. चार ठिकाणं ठरवू नका. परत चढण्याची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते, ती उतरतानाच लिहून घ्या आणि त्याच्याही तासभर आधी पोचायचं ठरवा. आम्ही टॅक्सी ठरवून मंगेशीला गेलो, जेवलो आणि परतलो. आमच्या टेबलावरच्या एका कुटुंबाने किनारे, चर्च, बाजार सगळं एका दिवसात करायचं ठरवलं होतं. शेवटी ते धावत आले, घामाघूम, लेकरू रडत होतं. कार्ड आणि ओळखपत्र बरोबर हवंच, त्याशिवाय बंदराच्या फाटकातून आत घेत नाहीत.

बहुतेक लोक खाली उतरलेले असताना जहाज रिकामं असतं. ज्यांना चालवत नाही त्यांनी खुशाल वर थांबावं. तोही दिवस छान जातो.

१३. समुद्रातला दिवस

परतीचा एक दिवस नुसतं पाणी. सकाळी कार्यक्रमांचा कागद येतो, दर तासाला काहीतरी असतं. यांना सगळं बघायचं होतं: जादूचे खेळ, नाच, स्वयंपाकाचं प्रात्यक्षिक. मला काहीच बघायचं नव्हतं. पंचवीस वर्षांत दुपारी दोन ते पाच माझ्या हातात कधी रिकामे आले नव्हते. थोडी कुरबुर झाली. शेवटी ते खेळाला गेले आणि मी सावलीतल्या खुर्चीवर बसले. संध्याकाळी दोघं कठड्याशी भेटलो, त्यांनी जादूचं सांगितलं, मी उडणाऱ्या माशांचं. जोडीने गेलात म्हणून प्रत्येक तास जोडीने घालवायचं बंधन घालून घेऊ नका.

कॅसिनोत आम्ही गेलो नाही. जाणार असाल तर रक्कम आधी ठरवा आणि कार्ड जोडीदाराच्या हातात द्या.

१४. उतरण्याची सकाळ

आदल्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट टर्मिनलवर मिळतात. सकाळचे कपडे, औषधं आणि ओळखपत्र आत ठेवून मगच बॅग बंद करा. या वेळी गोळ्यांची डबी मी पदराच्या पिनेइतकी जवळ ठेवली होती. खात्याचा शेवटचा कागद घ्या, नीट वाचा, मगच निघा. उतरायचे गट पाडलेले असतात, घाई करून पुढे सरकता येत नाही. सीएसएमटीला सामान ठेवायची सोय आहे, गाडीला वेळ असेल तर बॅगा तिथे ठेवून मोकळं फिरा.

घरी आल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते. हे नेहमीचं आहे, आपोआप जातं. आठवड्यानंतरही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. माझं दुसऱ्या दिवशी गेलं. यांना तिसऱ्या दिवशीही कारखान्यात मागाशेजारी उभं राहिलं की पायाखाली झोका जाणवत होता. कामगारांनी विचारलं तेव्हा त्यांनी माग थांबवला, कट्ट्यावरचा एक टॉवेल उचलला आणि सगळ्यांना हत्ती करून दाखवला.